निंबार्त्यांचा गंज पुण्याला गेला

चूक माझी होती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण आमच्या धंद्यात चूक कबूल करायची वेळ आली की आधी पावसाचं नाव निघतं, मग टोलनाक्याचं, मग ड्रायव्हरचं, आणि शेवटी काम सोडून गावाला गेलेल्या एखाद्या हमालाचं. मालकाचं नाव निघायच्या आत ग्राहक थकून फोन ठेवतो. या सगळ्या नावांच्या मागं मी बराच काळ आरामात बसलो होतो.

भंडाऱ्यात हायवेच्या बाजूला माझं गोदाम आहे. लोकांचं घरसामान एका शहरातून उचलून दुसऱ्या शहरात पोचवायचं, हा माझा धंदा. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, ‘चमचाही हरवणार नाही’. ही ओळ माझीच, आणि ती खरी आहे. चमचा आजवर हरवला नाही. मी एका बाईचं गावातलं नाव तेवढं हरवलं, आणि त्याचं भाडंही घेतलं.

ते पुढं येईलच. आधी धंदा काय असतो ते सांगतो, म्हणजे चूक किती सोपी होती ते कळेल.

घर हलवायचं म्हणजे ट्रकचं भाडं, असं समजणारी माणसं फोनवरच ओळखू येतात. ‘भंडारा ते पुणे किती?’ असं विचारतात, जणू खिडकीवर तिकीट काढताहेत. मी विचारतो, सामान किती? उत्तर ठरलेलं: ‘सामान काही फार नाही जी.’ या वाक्यावर माझं घर चालतं. पुरुषाला विचारलं तर तो टीव्ही, फ्रीज, कपाट, पलंग इथं थांबतो. घरात राहतो म्हणजे काही घर त्याला माहीत असतं असं नाही. म्हणून मी बैठकीत बसत नाही. आधी माळा पाहतो, मग दिवाणाच्या पोटात हात घालतो, मग गच्चीवर जातो. गच्चीवर जुना कूलर, त्या कूलरात जुनी सायकल, आणि सायकलला लटकवलेलं काहीतरी सापडतंच. ‘हे नेणार?’ विचारलं की नवरा ‘नाही’ म्हणतो, बायको ‘हो’ म्हणते, आणि मी मोठी गाडी धरतो.

गाडीचाही हिशोब सरळ नाही. इथून भरून गेलेली गाडी तिथून रिकामी आली तर त्या रिकाम्या प्रवासाचं डिझेलही तुम्हीच भरता, फक्त तुम्हाला ते कोणी सांगत नाही. उलट, पुण्याचा माल नागपूरला उतरवून रिकामी परत निघालेली गाडी सापडली तर भाडं बरंच खाली येतं. तिला आम्ही रिटर्न गाडी म्हणतो. अडचण एवढीच की ती तिच्या मर्जीनं निघते, तुमच्या मुहूर्तानं नाही. मग बांधणीचं सामान, उचलणारे हात, आणि मजले. भंडाऱ्यातलं अंगण आणि पुण्यातला अकरावा मजला यांच्यातलं अंतर ड्रायव्हर भरून देत नाही. महिनाअखेर आणि मे महिना टाळा, निदान आठ दिवसांच्या बाहेरच्या जेवणाचे पैसे वेगळे ठेवा, गॅसची शेगडी आणि चहाचं पातेलं सर्वांत शेवटी चढवा म्हणजे सर्वांत आधी उतरेल. हे मी फुकट सांगतो. फुकट सांगितलेलं कोणी ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: गाडीत जागा महाग असते. रिकामं भांडं पाठवणं म्हणजे हवेचं भाडं भरणं. म्हणून पिंपात उश्या, कुकरात वाट्या, सुटकेसमध्ये पडदे. ही माझी हातोटी. हमाल गमतीनं म्हणतात, मुरलीभाऊ मेले तर स्वतःच्या पेटीतही दोन घोंगड्या कोंबतील.

लाखांदूरचे एक तलाठी, आता निवृत्त, मुलाचं बिऱ्हाड पुण्याला हलवायला आले होते. मुलाचं सामान खरोखर थोडं होतं. वडिलांचं मात्र तांदळाचं होतं. वर्षभराचा तांदूळ, पोत्यांत, कडुलिंबाचा पाला घालून. मी हिशोब मांडून दाखवला की एवढ्या भाड्यात पुण्यात तितकाच तांदूळ विकत येईल आणि वर पंखाही येईल.

ते म्हणाले, ‘‘भेटते नं तिकडं तांदूळ. पन त्याच्या मायबापाचा पत्ता नसते जी.’’

‘‘काका, तांदळाचे मायबाप कोण पाहते?’’

‘‘तुमी सोयरिक करता तवा पाहता का नाही? हा पोटात जाते, सोयरिकीहून जवळचा.’’

तांदूळ गेला. मुलानं नंतर हळूच कळवलं की सूनबाई रात्री भात खात नाहीत आणि सकाळी तर नाहीच. दोन पोती सोसायटीच्या वॉचमनच्या घरी गेली. तलाठीकाकांना अजून वाटतं, सूनबाई आपल्या शेतातल्या तांदळामुळं बारीक आहे. मीही त्यांना सांगितलं नाही. न सांगण्यात मी तेव्हापासूनच पटाईत होतो.

दुसरे एक इंजिनिअरसाहेब. त्यांनी लॅपटॉपवर तक्ता केला होता. प्रत्येक खोलीला वेगळा रंग. सात ठिकाणांहून भाव मागवले आणि माझ्यासमोर बसून मला समजावलं की माझ्या भावात चूक कुठं आहे. शेवटी कुठल्यातरी स्वस्त, फक्त मोबाईलवर दिसणाऱ्या माणसाला काम दिलं. पुण्यात सोसायटीच्या फाटकावर कळलं की पाच वाजल्यानंतर सामान आत नेता येत नाही, सामानासाठी लिफ्ट वापरता येत नाही, आणि सोफा जिन्यातून जात नाही. तक्त्यात सोफ्याची लांबी होती, रुंदी होती, कापडाचा रंगही होता. जिना नव्हता. सोफा कितीतरी दिवस पार्किंगमध्ये राहिला. साहेब संध्याकाळी तिथंच जाऊन बसायचे म्हणे, कारण पैसे दिलेली वस्तू वापरात तरी यावी. मला फोन केला तेव्हा मी खूप हसलो. नंतर भाव सांगितला, तेव्हा ते हसले नाहीत.

या दोघांवर मी लोकांना वर्षानुवर्षं हसवलं आहे. एका माणसावर मात्र चुकीचा हसलो. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात ज्यांची गावं गेली त्यांचं सामान नव्या वसाहतीत न्यायला तरुणपणी मी ट्रॅक्टर-ट्रॉलीवर होतो. एका म्हाताऱ्यानं मला अडवून धरलं. आपल्या ट्रॉलीच्या मागं गावातल्या शेजाऱ्याचीच ट्रॉली लागली पाहिजे, त्याच्या मागं त्याच्या शेजाऱ्याची. ‘‘घराची ओळ मोडू नको बाप्पा,’’ तो म्हणत होता. मी म्हणालो, बाबा, तिकडं प्लॉट नंबरानं मिळणार, इथं ओळ लावून काय फायदा? आणि हसलो. त्या म्हाताऱ्याला हलवायच्या सामानात शेजारीही धरायचा होता. मला तेव्हा ते सामान वाटलं नाही. ते समजायला मला मोहाडीच्या कुसुमकाकू लागल्या.

कुसुमकाकू म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या घराच्या दोन घरं पलीकडच्या. काका गेले, मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं ठरवलं, आई आता आपल्याकडं. काकूंनी ठरवलं नव्हतं, पण घर विकलं गेल्यावर ठरवण्यासारखं उरलं नाही. काम अर्थात माझ्याकडं आलं.

त्यांच्या भिंतीला भिंत लागून श्रावणभाऊ निंबार्ते आणि त्यांची बायको शेवंताबाई. या दोन घरांमधली भिंत कमरेएवढी, आणि तिच्यावरून दिवसभर काही ना काही इकडून तिकडं जायचं. ताक, मुरमुरे, भांडणं, आणि भांडी. आमच्याकडं मोठी पितळी भांडी एका घराची कधीच नसतात. कुणाकडं परात, कुणाकडं घंगाळ, कुणाकडं गंज. गंज म्हणजे भात शिजवायचं मोठं पातेलं. कार्य निघालं की गल्लीभर माणूस फिरतो आणि भांडी गोळा करतो. कार्य झालं की ती घासून परत जातात, किंवा जात नाहीत, पुढच्या कार्यापर्यंत तिथंच राहतात. कडेवर मालकाचं नाव कोरलेलं असतं, त्यामुळं कोणाला घाई नसते.

निंबार्त्यांचा गंज गल्लीत सर्वांत मोठा. शेवंताबाईंच्या माहेरचा, लग्नात आलेला. जायच्या आदल्या दिवशी काकूंनी तो मागून आणला आणि गल्लीला जेवण घातलं. निरोपाचं. भात, वरण, वांग्याची भाजी आणि बुंदी. गल्ली जेवली, काकू रडल्या, गल्ली रडली, परत बुंदी घेतली.

दुसऱ्या दिवशी सामान भरायचं. निंबार्ते नवरा-बायको पहाटेच लाखांदूरला गेले होते, थोरल्या मुलीची, लताची, सोयरिक पक्की करायला. काकूंना मुलासोबत दुपारच्या गाडीनं नागपूरला जाऊन पुढं रेल्वे धरायची होती. निघताना त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं. गंज घासून भिंतीशी पालथा ठेवला होता.

‘‘मुरली, हा शेवंताचा. ते आले का भिंतीवरून देऊन देजो. विसरजो नको.’’

‘‘काकू, तुमी निघा. माझ्या हातून चमचा हरवत नाही.’’

पाटीवरचंच वाक्य त्यांच्या तोंडावर फेकलं.

मग काम सुरू झालं. मी अंदाजात मधली गाडी धरली होती, रिटर्न गाडी, आणि घासाघीस करून भाव पक्का केला होता. अर्ध्यातच दिसलं की माझा अंदाज चुकला आहे. देवाच्या तसबिरी, काचेच्या बरण्या, काकांचे फोटो, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, हे सगळं फुटणारं सामान उरलं आणि पेटी एकही उरली नाही. मोठी गाडी आणायची तर फरक माझ्या खिशातून. मी अंगणात उभा राहून काहीतरी खोल, टणक, न दबणारं भांडं शोधत होतो. आणि भिंतीशी ते पालथं पडलेलं होतं.

त्या क्षणी मला काकूंचं वाक्य आठवलं नाही, हे अगदी खरं आहे. मला फक्त जागा दिसली. गंज सुलटा केला, तळाला घोंगडी घातली, तसबिरी उभ्या लावल्या, मधे बरण्या, वर लुगडी कोंबली, गोणपाटानं तोंड शिवलं. सगळं बसलं. हमालांना म्हणालो, ‘‘पाहा बे, याले म्हणतात भरणं.’’ एकही बरणी फुटली नाही. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली भरती होती.

चार दिवसांनी काकूंचा फोन. सामान पोचलं होतं.

‘‘मुरली, बाप्पा, शेवंताचा गंज इकडं आला रे.’’

अंगणातलं काकूंचं वाक्य मला तेव्हा आठवलं. पण तोंड धंद्याचं होतं. ‘‘हो का? हमालानं टाकला असन.’’

म्हणजे हमालाचं नाव मीही घेतलंच.

‘‘आता कसं करावं? शेवंताले फोन लावून सांगून देऊ का, का बाई, चुकून आला म्हणून?’’

इथं मी चुकलो. गंज गाडीत भरला ती घाईतली चूक होती, ती कोणाचीही होते. ही दुसरी मी शांत डोक्यानं केली. लताची सोयरिक जमली होती. लग्नात मुलीला द्यायचं आंदण, म्हणजे कपाट, पलंग, भांडी, हे सगळं नागपूरला, जावयाच्या नोकरीच्या गावी, पोचवायचं काम श्रावणभाऊंनी मला तोंडी देऊन ठेवलं होतं. ज्याच्या हातून त्यांचाच गंज पुण्याला गेला, त्याच्या हाती ते लेकीचं आंदण देतील?

‘‘काकू, नका सांगू. उगाच त्यांच्या जिवाले घोर. आठ दिवसांत रिटर्न गाडीनं आनून भिंतीवर ठेवून देतो. कोनाले मालूमही पडनार नाही.’’

‘‘नक्की नं?’’

‘‘काकू!’’

‘‘बरं बाप्पा. तू म्हणते तं नाही सांगत.’’

आठ दिवस झाले. एका गंजासाठी पुण्याच्या टोकाला गाडी वळवायची तर ड्रायव्हर जे मागत होता, त्यात नवा गंज आला असता. मी, जो तलाठीकाकांना तांदळाचा हिशोब शिकवत होतो, तो आता गंजाचा हिशोब स्वतःला शिकवू लागलो. पुढच्या फेरीत. पावसाळ्याआधी. काकूंचा फोन आला की म्हणायचो, ‘‘निघाली काकू, गाडी निघाली.’’ काही महिन्यांनी त्यांनी विचारणं सोडलं. मला ते बरं वाटलं.

उन्हाळ्यात लताचं लग्न निघालं. भांडी गोळा करताना गंज सापडेना. गल्लीनं आठवलं: शेवटचा कोणी वापरला? कुसुमबाईनं. मग शेवंताबाईंनी स्वतःहून आठवलं की लाखांदूरहून परत आल्यावर अंगण पाहिलं तेव्हा तिथं काही नव्हतं. मग कोणीतरी म्हणालं, गंज जुना होता, भारी होता, आताच्या भावानं पितळ किती महाग आहे. पुढचं आपोआप झालं.

लग्नात मीही पंगतीला बसलो होतो. मांडवाच्या मागं, जिथं भाड्यानं आणलेल्या ॲल्युमिनियमच्या टोपात भात शिजत होता, तिथं पंगतीच्या शेवटी बायका बोलत होत्या. ज्या त्याच गंजातला निरोपाचा भात खाऊन रडल्या होत्या, त्याच बायका.

‘‘पत्रिका पाठवली का वो कुसुमबाईले?’’

‘‘कायले पाठवावं? गंज नेला, अन् वर पत्रिका कायले पायजे?’’

‘‘एवढी वर्षं शेजारात राहिली अन् जाता जाता हात मारला.’’

‘‘म्हनून तं जेवन घातलं. गंज मागायचा होता नं!’’

सगळ्या हसल्या. शेवंताबाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, ‘‘माह्या मायनं देल्ला होता तो.’’

वाढणारा माझ्यासमोर आला. ‘‘भाऊ, भात?’’ मी पान पुढं केलं. तो आणखी एकदा आला, मी आणखी एकदा पुढं केलं. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी आंदण नागपूरला पोचवलं. चमचा हरवला नाही. भाडं मिळालं.

त्यानंतर मी पाटीकडं न पाहता गोदामात शिरू लागलो. सगळे टोमणे लोकांवर मारायची सवय होती, आता ते स्वतःवर पडू लागले. इंजिनिअरसाहेबांच्या तक्त्यात जिना नव्हता. माझ्या तक्त्यात शेजारी नव्हता.

पावसाळ्यात दुसऱ्या एका कामाच्या निमित्तानं मी स्वतः पुण्याला गेलो. काम गाडीवर माणूस पाठवूनही झालं असतं. काकू सातव्या मजल्यावर. दार त्यांनीच उघडलं.

बाल्कनीत पाहिलं. गंज होता. त्यात मनीप्लांट होता. सूनबाईंनी दोन महिने वाट पाहिली, आणि पितळेच्या कुंड्या सध्या चालतात म्हणून माती भरली. पाणी साचू नये म्हणून तळाला भोकही पाडून घेतलं होतं. कडेवर शेवंताबाईंच्या माहेरचं आणि सासरचं नाव, आणि त्याच्यावर वेल लोंबत होता.

काकू म्हणाल्या, ‘‘मी सांगतलं सूनबाईले, दुसऱ्याचा आहे म्हणून. ते म्हणे, आई, नेणारा येतच नाही तं आपलाच झाला.’’ मग विचारलं, ‘‘लताचं लग्न झालं म्हणते नं? पत्रिका नाही आली. पोस्टात गहाळ झाली असन का रे?’’

मी सांगितलं. सगळं. घासाघीस, भरती, आंदण, मांडवामागचं बोलणं. काकू ऐकत होत्या. मधे एकदाच बोलल्या.

‘‘तू तिथंच होता?’’

‘‘हो.’’

‘‘जेवत होता?’’

‘‘हो काकू.’’

‘‘भात चांगला शिजला होता का?’’

मी म्हणालो, ‘‘काकू, माफ करा.’’

त्यांनी चहाचा कप माझ्यासमोर ठेवला. जोरात नाही, अगदी सावकाश. ‘‘मले कायले म्हणून राहिला? मले तं कोनी चोर म्हनलंच नाही, मी इथं सातव्या माळ्यावर होती. जिथं बोलले, तिथं जाऊन बोल. मले मोहाडीले तोंड दाखवायचं आहे एखाद दिवस.’’

मी माती काढली. मनीप्लांट प्लॅस्टिकच्या बादलीत लावून दिला. सूनबाई ऑफिसातून येतील तेव्हा काय म्हणतील, हे विचारायचं धाडस झालं नाही. गंज गाडीत घेतला, आणि या वेळी त्यात काहीच भरलं नाही. पुणे ते भंडारा मी हवेचं भाडं भरलं.

भंडाऱ्यात पितळेची भांडी घडवणाऱ्या ओळीत एक म्हातारे कसार बसतात. त्यांनी भोकात बोट घालून मला विचारलं, ‘‘हे कोन्या शहाण्यानं केलं?’’

‘‘मीच.’’

‘‘कायले?’’

‘‘लंबी कहाणी आहे.’’

‘‘मंग ठेवून जा. डाग देतो, कल्हई करतो. गळनार नाही. पन दिसन.’’

‘‘दिसू द्या,’’ मी म्हणालो.

पोळ्याच्या संध्याकाळी मोहाडीला गेलो. मुद्दामच तो दिवस धरला. बैल घरोघरी फिरून गेले की आमच्याकडं लोक एकमेकांच्या घरी जातात, मोठ्यांच्या पाया पडतात. निंबार्त्यांचं अंगण भरलेलं होतं. लता माहेरी आली होती. मांडवामागं बोलणाऱ्या बऱ्याच बायका तिथं होत्या, आणि मी मोजून पाहिलं नाही, पण कमी कोणी नव्हतं. गाडी दारात लावली, गंज डोक्यावर घेतला आणि आत शिरलो. कुठं ठेवावा कळेना, म्हणून त्याच कमरेएवढ्या भिंतीवर ठेवला. पलीकडं आता नवे लोक राहतात. ते पाहत राहिले.

शेवंताबाई उठल्या, कडेवरच्या नावावरून बोट फिरवलं, मग आत वाकून तळाचा डाग पाहिला.

‘‘कुठं सापडला?’’

मी सुरुवात केली. रिटर्न गाडीचा भाव कसा असतो, मधल्या आणि मोठ्या गाडीत किती फरक, फुटणारं सामान कसं उरलं, महिनाअखेरीला पेट्या कशा मिळत नाहीत. माझं मलाच कळत होतं की मी पावसापासून आणि टोलनाक्यापासून सुरुवात करतो आहे. हमाल यायचाच बाकी होता.

श्रावणभाऊ म्हणाले, ‘‘मुरलीभाऊ, आमाले घर नाही हलवायचं. गोष्ट सांगा.’’

कोणीतरी हसलं. मी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

‘‘गंज कुसुमकाकूनं नाही नेला जी. तिनं जाताना मले दाखवून सांगतलं होतं, शेवंताचा आहे, भिंतीवरून देजो म्हणून. मी गाडीत भरला, मोठ्या गाडीचे पैसे वाचवाले. तिनं तिकडून फोन केला, तुमाले सांगते म्हणे. मीच तिले चूप बसवलं, लताच्या आंदणाचं काम जाईन म्हणून. लग्नात तुमी तिले चोर म्हणून राहिले होते, तवा मी इथंच बसलो होतो अन् भात वाढून घेत होतो. चूक माही आहे, हमालाची नाही, कोनाचीच नाही. माफ करा. मले नाही केलं तरी चालते. पन तिले आज पत्रिका पाठवा. कशाची बी पाठवा.’’